पाण्याकाठचे डास: गळ टाकणाऱ्यांनी कशाला भ्यावं, कशाला नाही

गळ टाकणाऱ्याची आणि डासाची वेळ एकच असते. उजाडायच्या आधीचा तास आणि दिवस मावळल्यानंतरचा तास. या वेळी ऊन नसतं, वारा पडलेला असतो, पाण्यावर किडे उतरतात आणि त्यांच्यामागे मासे काठाशी चरायला येतात. दिवसभर गवतात आणि झुडपांच्या सावलीत दडून बसलेले डासही तेव्हाच बाहेर पडतात. त्यात गळवाला म्हणजे आयतं गिऱ्हाईक. एका जागी बसलेला, दोन्ही हात रॉड-रीलमध्ये अडकलेले, नजर पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटवर. मासा ओढायला लागला की मानेवर काय बसलंय याची शुद्ध कुणाला असते?

चावे बसणार हे गृहीतच धरायचं. त्या चाव्यांत धोका किती, हे ठरवताना मात्र माणसं दोन टोकांना जातात. एकजण म्हणतो, इतकी वर्षं चावतायत, काय झालं? दुसरा डेंग्यूची बातमी वाचतो आणि रॉड कपाटात ठेवून देतो. गंमत म्हणजे दोघांचंही माप एकच आहे: डास किती होते. धोक्याच्या हिशोबात हा आकडा येतो खरा, पण त्याहून जड दोन गोष्टी आहेत. डासाचं वय काय होतं, आणि तुमच्या आधी त्याने कोणाला चावलं होतं.

नवा डास आणि जुना डास

चावते ती मादी, हे बहुतेकांना माहीत असतं. अंडी घडवायला तिला रक्तातली प्रथिनं लागतात. नर फुलांच्या रसावर भागवतो. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. पाण्यातून नुकती बाहेर पडलेली मादी जवळजवळ नेहमीच निर्जंतुक असते. काही विषाणू अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतात, पण ते क्वचित. बाकी सगळ्या जंतूंसाठी मादीला आधी आजारी माणसाचं, पक्ष्याचं किंवा प्राण्याचं रक्त प्यावं लागतं.

तेवढ्यानेही काम होत नाही. प्यायलेलं रक्त पोटात जातं आणि चावताना सोडली जाते ती लाळ. म्हणजे जंतूला पोटाची भिंत ओलांडून, शरीरात वाढून, लाळेच्या ग्रंथींपर्यंत पोचावं लागतं. रोनाल्ड रॉस यांनी हा प्रवासच उलगडला. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला त्यांना डासाच्या पोटाच्या भिंतीवर हिवतापाचे जंतू दिसले, आणि पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करताना तेच जंतू लाळग्रंथींत पोचलेले सापडले. या प्रवासाला डेंग्यूच्या विषाणूला साधारण आठ ते बारा दिवस लागतात, हिवतापाच्या जंतूला दहा दिवस ते दोन आठवडे. हवा गार असेल तर आणखी जास्त. सर्वांत घातक हिवतापाचा जंतू, फाल्सिपेरम, तर तापमान १८ अंशांच्या आसपास उतरलं की डासाच्या शरीरात जवळपास वाढतच नाही.

डासाचं आयुष्य मात्र इतकं लांब नसतं. रोज उरलेल्यांतल्या शंभरी पंधरा माद्या मरतात असं नुसतं हिशोबापुरतं धरा. बारा दिवसांनी शंभरातल्या चौदाच उरतात. त्यांतही जिने आधी नेमकं आजारी शरीर गाठलं असेल तीच घातक. म्हणून साथ चालू असतानासुद्धा बहुतेक डासांत विषाणू सापडत नाही.

गळवाल्यासाठी याचा अर्थ असा. मोठा पाऊस किंवा पूर ओसरल्यानंतर आठवडा-दीड आठवड्याने काठावर डासांचा जो ढग उठतो, तो बहुतांशी कोवळ्या डासांचा असतो. अंग फोडून काढतील, पण त्या मानाने आजार कमी देतील. मोसमाच्या शेवटी, डास विरळ झाले असं वाटायला लागतं तेव्हा मात्र उरलेल्यांत जुन्या, अनेकदा रक्त प्यायलेल्या माद्यांचं प्रमाण जास्त असतं. थंड प्रदेशांत वेस्ट नाइल या पक्ष्यांकडून येणाऱ्या विषाणूचे रुग्ण उन्हाळा संपताना वाढतात, त्याचं एक कारण हेच. 'आता डास कमी झालेत' म्हणून बाह्या वर सारायचा मोह होतो तो याच दिवसांत.

तुमच्या आधी कोणाला?

डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका आणि बहुतेक हिवताप हे माणसाकडून डासाकडे आणि डासाकडून माणसाकडे फिरणारे आजार आहेत. दोन-चार कोसांवर वस्ती नसलेल्या एखाद्या तळ्यावरच्या डासाला डेंग्यू मिळणार कुठून? शिवाय डेंग्यूचा मुख्य वाहक, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडीस इजिप्ती, हा घरातला डास. पिंप, कुंडी, टायर, टाकी असं साठलेलं पाणी त्याला आवडतं आणि जन्मल्या जागेपासून तो सहसा काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाही. चावतो दिवसा, सकाळी पहिल्या काही तासांत आणि संध्याकाळ व्हायच्या आधी जास्त. त्यामुळे मासेमारीच्या सहलीत डेंग्यू झालाच, तर तो तळ्यावरच्या ढगापेक्षा मुक्कामाच्या खोलीत, होडीच्या धक्क्याजवळच्या वस्तीत, किंवा पावसाचं पाणी साठलेल्या होड्यांच्या रांगेत झालेला असण्याची शक्यता जास्त. गळ आवरून खोलीवर आलो की आपण बाह्या दुमडतो, मलम धुऊन टाकतो आणि निवांत होतो. नेमकं तिथे चुकतं.

हिवतापाचा ॲनाफेलिस रात्रीचा, संध्याकाळ ते पहाट या वेळेतला. रात्री गळ लावून बसणाऱ्यांनी हिवतापाच्या भागात तो गंभीरपणे घ्यायलाच हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे २६ कोटी ३० लाख लोकांना हिवताप झाला आणि ५ लाख ९७ हजार मरण पावले. त्यातले बहुतेक आफ्रिकेतले, आणि मेलेल्यांत पाच वर्षांखालची मुलं सर्वाधिक. बाहेरून येणाऱ्या माणसात या आजाराविरुद्ध प्रतिकारशक्ती मुळीच नसते, त्यामुळे तिथल्या प्रौढाला दोन दिवस झोपवणारा ताप पाहुण्याला दवाखान्यात नेऊ शकतो.

आता दुसरा गट, आणि गळवाल्याच्या दृष्टीने मला हा जास्त लक्ष देण्याजोगा वाटतो: पक्ष्यांकडून येणारे आजार. वेस्ट नाइल, जपानी मेंदूज्वर आणि अमेरिकेतला ईस्टर्न इक्वाइन एन्सेफलायटिस, म्हणजे ईईई. इथे माणूस हा रस्त्याचा शेवट असतो. त्याच्या रक्तात विषाणू इतका वाढतच नाही की पुढच्या डासाला मिळावा. पण त्यामुळेच या आजारांना आसपास आजारी माणूस असण्याची गरज नाही, पक्षी पुरतात. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरांत आणि बगळ्यांच्या कुळातल्या पक्ष्यांत वाढतो आणि भातखाचरात वाढणारा क्युलेक्स डास तो पसरवतो. चांगला मासा कुठे आहे हे आपण बगळ्यांवरून ओळखतो, त्यामुळे हा सोबती जवळच असणार.

या तिन्हींचे आकडे नीट वाचायला हवेत, नाहीतर उगाच घाबरगुंडी उडते किंवा उगाच बेफिकिरी येते. वेस्ट नाइल १९३७ साली युगांडात सापडला आणि १९९९ मध्ये न्यू यॉर्कला पोचला. लागण झालेल्या दहांपैकी आठांना काहीच कळत नाही. पाचांतल्या एकाला ताप, डोकेदुखी, अंगदुखी होते. साधारण दीडशेत एकाच्या मेंदूपर्यंत किंवा मज्जारज्जूपर्यंत तो जातो, आणि तसं झालेल्यांत दहातला एक दगावतो. साठी ओलांडलेल्यांना हा धोका जास्त. गळ टाकायला सर्वांत जास्त वेळ असतो तो निवृत्त मंडळींना, हे लक्षात ठेवलेलं बरं. जपानी मेंदूज्वरात लागण झालेल्यांपैकी शेकड्यात एकालाही लक्षणं दिसत नाहीत, पण मेंदूला सूज आलीच तर सुमारे तीस टक्के रुग्ण दगावतात आणि वाचलेल्यांतल्या अनेकांना कायमचं अपंगत्व येतं. ईईई तर फारच दुर्मीळ. अमेरिकेत २०१९ हे त्याच्या साथीचं वर्ष होतं तरी रुग्ण ३८ होते. पण गंभीर झाल्यास इथेही जवळपास तिघांत एक मरतो. म्हणजे शक्यता कमी आणि किंमत मोठी. अशा धोक्यासाठी आवडता काठ सोडायची गरज नाही, पण पाच मिनिटं खर्चून लांब बाह्यांचा शर्ट घालायला काहीच हरकत नसावी.

पीतज्वराचा हिशोब वेगळा आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पीकॉक बास धरायला जाणाऱ्यांना तो लागू होतो. जंगलात माकडांकडून तो डासांत येतो आणि हे डास दिवसा चावतात. त्यावर लस आहे, एकच मात्रा आयुष्यभर पुरते, फक्त प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. याच खोऱ्यातल्या रिओ नेग्रोवर डास तुलनेने कमी असतात, कारण चहासारखं काळं दिसणारं ते पाणी आम्लधर्मी आणि पोषणाला गरीब आहे. तरीही लस टाळायला ते कारण पुरत नाही. जपानी मेंदूज्वरावरही लस मिळते. त्या भागात बरेच दिवस गावांकडे, शेताजवळच्या पाण्यावर राहणार असाल तर डॉक्टरांशी बोला.

हत्तीरोगाची भीती अनेकांना वाटते. तो एका संध्याकाळच्या चाव्यांनी होत नाही. त्याला महिनोन्महिने पुन्हा पुन्हा चावे बसावे लागतात. आणि एचआयव्ही डासामार्फत पसरत नाही, हे अजूनही सांगावं लागतं.

कुठे बसायचं

धोका कमी करायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जागा. डासाच्या अळ्यांना स्थिर पाणी लागतं, कारण बहुतेक जातींच्या अळ्या शेपटाकडची नळी पृष्ठभागाला लावून श्वास घेतात. लाटा उसळणाऱ्या मोकळ्या पाण्यात किंवा वाहत्या धारेत हे जमत नाही आणि मासे त्यांना खाऊनही टाकतात. म्हणजे मोठा जलाशय स्वतः दोषी नसतो. दोषी असतात त्याच्या कडेची डबकी, गुरांच्या खुरांचे खड्डे, पाणकणसाचे दाट पट्टे आणि जिथे मासा शिरू शकत नाही अशी उथळ गवताळ टोकं.

एक अपवाद गळवाल्याने ओळखायलाच हवा. मॅन्सोनिया आणि कॉक्विलेटिडिया या डासांच्या अळ्या श्वासाला पृष्ठभागावर येतच नाहीत. त्यांची श्वासनळी टोकदार असते. ती जलपर्णीच्या किंवा पाणकणसाच्या मुळांत खुपसून त्या वनस्पतीतली हवा घेतात. म्हणून वर पाणी स्वच्छ दिसतं, कपात घेऊन पाहिलं तर एकही अळी नसते, आणि संध्याकाळी डास तुटून पडतात. जलपर्णीचा एक गड्डा उचलून पांढऱ्या ताटात मुळं झटकली की थोड्या वेळाने बारीक, फिकट अळ्या वळवळताना दिसतात. याच कुळातला एक डास ईईई पक्ष्यांकडून माणसांपर्यंत आणणाऱ्यांत गणला जातो. जलपर्णीच्या कडेला मासा दबा धरून असतो हे खरं, पण तिथे संध्याकाळी तासभर बसायचं तर अंग झाकूनच.

वारा ही दुसरी गोष्ट. डास दुबळा उडणारा. ताशी दोन-अडीच किलोमीटर हा त्याचा नेहमीचा वेग. वाऱ्याची झुळूक जरा जोराची झाली की तो गवतात बसून राहतो. शिवाय वारा तुमच्या श्वासाचा माग विस्कटून टाकतो. वारा ज्या काठावर येऊन आदळतो तिथे बसलात तर डास कमी, आणि वाऱ्याने ढकललेलं खाद्यही त्याच काठाला गोळा होत असल्याने मासेही तिथे फिरतात. वाऱ्याविरुद्ध गळ फेकायचा त्रास होतो, पण सौदा फायद्याचा आहे. होडी असेल तर काठापासून आणि गवतापासून दूर नांगर टाकला की फरक लगेच कळतो. खारफुटी आणि खाजणातले डास मात्र याला जुमानत नाहीत. त्यांच्यातल्या काही जाती कित्येक किलोमीटर उडत येतात.

होडीवरून आठवलं: तळाशी साठलेलं पाणी, ताडपत्रीच्या खोलगट घडीतलं पाणी, आमिषाची रिकामी बादली हे सगळं एडीसचं पाळणाघर आहे. त्याची अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात आणि पाणी लागताच फुटतात. म्हणून बादली नुसती ओतून चालत नाही, आतून घासायला लागते.

डास आपल्याला शोधतो तो आधी श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, अगदी दहा मीटरांपलीकडूनही. जवळ आल्यावर घामाचा वास, शरीराची ऊब आणि रंग. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एडीस इजिप्तीला कार्बन डायऑक्साइडचा वास आल्यावर लाल, नारिंगी, काळा या रंगांकडे तो झेपावला आणि पांढऱ्या, हिरव्या, निळ्याकडे त्याने दुर्लक्ष केलं. फिक्या हिरव्या किंवा खाकी शर्टाचा फायदा माशापासून लपायलाही होतो. आणि बियरवाल्यांसाठी वाईट बातमी: बुर्किना फासोत झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बियर प्यायलेली माणसं हिवतापाच्या डासांना जास्त आकर्षक वाटली.

अंगाला काय लावायचं, आणि पाण्यात काय सोडायचं नाही

पहिलं संरक्षण कापड. सैल, घट्ट विणीचं, पूर्ण बाह्यांचं. पँट मोज्यात खोचलेली. मानेवर रुमाल किंवा नळीसारखा बफ. अंगाला चिकटणाऱ्या ताणल्या जाणाऱ्या कपड्यातून डास सोंड सहज घालतो. मांडी घालून बसलं की गुडघ्यावर आणि वाकलं की कमरेवर कापड ताणलं जातं, आणि नेमके तिथेच चावे बसतात. संध्याकाळी डोक्यावर जाळी घेतली तर फ्लोट नीट दिसत नाही ही तक्रार खरी आहे; काळ्या जाळीतून पांढरीपेक्षा बरं दिसतं.

उघड्या त्वचेला रिपेलंट, म्हणजे डास दूर ठेवणारं औषध. यात भरवशाची नावं मोजकी आहेत: डीट, पिकारिडिन (काही डब्यांवर याला आयकारिडिन म्हणतात), आयआर३५३५ आणि लेमन युकॅलिप्टसपासून मिळणारं पीएमडी. डब्यावरची टक्केवारी म्हणजे जोर नव्हे, टिकण्याचा वेळ. दहा टक्के डीट साधारण दोन तास, तीस टक्के पाचेक तास. पन्नास टक्क्यांच्या वर गेलं तरी वेळ फारसा वाढत नाही. वीस टक्के पिकारिडिन बरेच तास टिकतं आणि त्याला जवळपास वास नसतो. पीएमडी तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नये. लेमन युकॅलिप्टसचं नुसतं सुगंधी तेल हे पीएमडी नव्हे; त्याचा आणि सिट्रोनेलाचा परिणाम थोड्याच वेळात उडून जातो.

डीटचा एक स्वभाव गळवाल्याला महागात पडतो: ते प्लास्टिक विरघळवतं. नायलॉनच्या तंगूसाला सहसा काही होत नाही, पण फ्लाय लाईनवरचं प्लास्टिकचं आवरण चिकट होतं, रबरी आमिषं वितळून एकमेकांना चिकटतात, चष्म्याच्या काचांवर डाग पडतात, रॉडचं व्हार्निश मऊ होतं. एकदा बोटांना डीट असताना रबरी गांडूळ हाताळून पाहा, बोटांच्या ठशांसकट ते पसरतं. म्हणून डीट तळव्याला न लावता हाताच्या पाठीने चोळायचं, किंवा सरळ पिकारिडिन वापरायचं. ते प्लास्टिकला काही करत नाही.

रिपेलंटच्या वासाने मासा आमिष सोडतो का, यावर काठावर तासन्‌तास वाद झडतात. माशाचं नाक तीक्ष्ण असतं हे नक्की. इतकं, की माणसाच्या त्वचेतलं सेरीन नावाचं अमिनो आम्ल पाण्यात उतरलं तरी स्थलांतर करणारे सामन मासे बिचकतात, हे १९५० च्या दशकातच दिसून आलं होतं. म्हणजे काही न लावलेला हातही माशाला वास देतोच. माझा नेम साधा आहे: आमिष लावायच्या आधी तळवे साबणाने धुवायचे, आणि वाद दुसऱ्यांना घालू द्यायचा.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे आपण पाण्यात काय सोडतो. २०१८ मधल्या एका अभ्यासात, पाण्यात प्रत्यक्ष सापडू शकेल इतक्या पिकारिडिनने सॅलमँडर या बेडकाच्या शेपटीवाल्या भाऊबंदाची पिल्लं मेली. गंमत पाहा, हीच पिल्लं डासांच्या अळ्या खातात. म्हणून जो भाग पाण्याखाली जाणार आहे, उदाहरणार्थ वेडर, म्हणजे पाणी आत न येऊ देणारी पँट, न घालता पाण्यात उतरणाऱ्यांचे पाय, त्याला रिपेलंट लावूच नये. तिथे डास चावतही नाही.

परमेथ्रिनबाबत मी याहून कडक आहे. कपड्यांवर फवारायचं हे औषध उत्तम काम करतं, डास बसताच लुळा पडतो, आणि घरी फवारलेलं काही धुण्यांपर्यंत टिकतं. पण ते त्वचेला लावायचं नाही, आणि माशांना व पाण्यातल्या किड्यांना ते अत्यंत विषारी आहे. पाण्यापासून दूर फवारायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मगच घालायचं. ओलं असताना मांजरालाही लांब ठेवायचं. असे कपडे घालून कमरेइतक्या पाण्यात उभं राहणं किंवा ते तळ्यात पिळणं मला पटत नाही. टोपी आणि शर्ट परमेथ्रिनचा, पँट साधी, ही माझी तडजोड.

ऊन असेल तर आधी सनस्क्रीन, ते वाळलं की रिपेलंट. दोन्ही एकत्र असलेली बाटली घेऊ नका. सनस्क्रीन दर दोन तासांनी लावावं लागतं, रिपेलंट तितक्या वेळा लावायचं नसतं. शिवाय डीटमुळे सनस्क्रीनचा परिणाम सुमारे एक तृतीयांश कमी होतो.

तंबूत डासांची कॉइल लावणाऱ्यांना एकच आकडा: २००३ मधल्या एका अभ्यासानुसार एक कॉइल जळताना जे सूक्ष्म कण निघतात ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे. बंद तंबूत ती लावायचीच नाही; बारीक जाळीचा तंबू आणि आत शिरताना झटकन ओढलेली चेन पुरते. उघड्यावर कॉइलचा धूर वाऱ्याबरोबर जातो. आवाजाने डास पळवणारी यंत्रं, मनगटावरचे सुगंधी पट्टे, लसूण आणि ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांच्यावर पैसे घालवू नका.

हिवतापाच्या भागात जाताना डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या देतात. त्यांना गळ टाकायला चाललोय हे आवर्जून सांगा, कारण डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांची त्वचा उन्हाने पटकन भाजते, आणि पाण्यावर ऊन खालूनही येतं. दुसऱ्या गोळीचा पर्याय असतो. परत आल्यावरही गोळ्या ठरलेले दिवस घ्यायच्याच असतात, डॉक्सिसायक्लिन तर चार आठवडे.

परतल्यावर ताप आला तर

चावल्या जागची खाज हा तुमच्याच शरीराचा डासाच्या लाळेवरचा राग असतो. तिचा आजाराशी संबंध नाही. साबणाने धुवा, गार पट्टी ठेवा. खाजवून कातडं सोललेलं असेल तर ते झाकल्याशिवाय पाण्यात उतरू नका, विशेषतः कोमट खाऱ्या पाण्यात. तिथले काही जिवाणू जखमेतून शिरून वेगाने पसरतात.

तापाचा दिवस महत्त्वाचा. डेंग्यू चाव्यानंतर साधारण चार ते दहा दिवसांनी येतो, चिकुनगुन्या तीन ते सात, वेस्ट नाइल दोन दिवस ते दोन आठवडे, जपानी मेंदूज्वर पाच ते पंधरा दिवस. हिवताप पहिल्या सात दिवसांत येत नाही, पुढे कधीही येऊ शकतो. डेंग्यूची शंका असेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय काही घेऊ नका. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो. डेंग्यूत फसवणारी वेळ म्हणजे ताप उतरतो ती. तेव्हाच पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीचा थकवा असं काही दिसलं तर लगेच दवाखाना गाठायचा. मान ताठरणं, बरळणं, झटके, हातापायातली शक्ती जाणं ही मेंदूपर्यंत गेल्याची खूण. यात सकाळपर्यंत थांबायचं नाही.

आणि डॉक्टरांना फक्त 'डास चावले' एवढं सांगू नका. पाण्यात किती वेळ उभे होतात, पायाला जखम होती का, आसपास उंदीर-गुरं होती का, गवतात बसलात का, हेही सांगा. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मुतातून पाण्यात येतो आणि सुरुवातीला थेट डेंग्यूसारखा दिसतो. त्यावर प्रतिजैविकं आहेत आणि ती लवकर सुरू केली तर उपयोग होतो, पण सगळं लक्ष डासांवर असलं तर ती तपासणी सुचतच नाही. गवतातल्या चिगर माइट्स या बारीक किड्यांमुळे होणाऱ्या स्क्रब टायफस या तापाचंही तसंच. व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप तर यकृतात झोपून राहतो आणि कित्येक महिन्यांनी उठतो, त्यामुळे पुढच्या मोसमात ताप आला तरी मागच्या मोसमातल्या त्या नदीचं नाव डॉक्टरांच्या कानावर घालायचं.